नदीच्या तळाला एक-चौदा नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत गोव्यातल्या चोडण बेटावरच्या सालिम अली पक्षी अभयारण्यावर पानभर लेख आला. फोटो देखणे होते. खंड्या, ढोकरी, खारफुटीतून आत जाणारी पायवाट, चिखलावर उड्या मारणारी निवटी. सोबत एक नकाशाही होता. बेट फिकट हिरवं, अभयारण्य गडद हिरवं आणि भोवती मांडवी सपाट निळी. मला त्या निळ्याबद्दल चार शब्द लिहायचे आहेत. चाराचे चाळीस होतील, कात्री तुमच्या हातात आहे.

त्या निळ्याशी माझा जुना संबंध. तेहेतीस वर्षं मी एका सरकारी कचेरीत आरेखक होतो, म्हणजे ड्राफ्ट्समन. ट्रेसिंगच्या कापडावर रॉट्रिंगच्या पेनने सर्व्हे नंबरांच्या हद्दी ओढायच्या, मग अमोनियाच्या यंत्रातून प्रती काढायच्या. त्या वासाने डोळ्यांतून पाणी यायचं आणि घरी गेल्यावर बायको म्हणायची, आज परत रडून आलात. एखाद्या भाटातला शेवटचा माड कोणाचा यावरून दोन भाऊ कोर्टात गेलेले असले, तर रेघ केसभर सरकलेली साहेब खपवून घेत नसत. नदीचा नंबर सगळ्यात शेवटी. प्रत सुकली की ब्रश बुडवायचा आणि काठापासून काठापर्यंत निळा रंग फासायचा. रायबंदर ते पोंबुर्पा, दहा मिनिटांचं काम. तेव्हा चहाही यायचा, त्यामुळे ते काम सगळ्यांना आवडायचं. रंगाखाली काही असेल असं एकदाही मनात आलं नाही.

गोव्यात एक-चौदा म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जमिनीच्या तुकड्याचा उतारा. कब्जेदार कोण, कूळ कोण, क्षेत्र किती, पीक काय. डोंगरावरच्या नुसत्या खडकालाही तो असतो. नदीच्या तळाला नाही. तळ कोणाच्या नावावर चढवा असं मी म्हणत नाही, देवाशपथ नाही, आधीच कमी भांडणं आहेत का? पण तिथे काय पिकतं, एवढी तरी नोंद कुठे असावी की नाही?

अभयारण्य १९८८ साली जाहीर झालं, क्षेत्र १.७८ चौरस किलोमीटर. मापसा नदी मांडवीला मिळते त्या बाजूला, बेटाच्या पश्चिम टोकाला. आपण जपतो ती खारफुटी आणि तिच्यावर बसणारे पक्षी. सुकतीला चिखल उघडा पडला की पक्षी खाली चरायला उतरतात. काय चरतात? चिखलातले किडे, कुर्ल्यांची पिल्लं, नखाएवढे शिंपले. तो चिखल पाण्याच्या कडेला संपत नाही. खाली उतरत जातो, मधेच वाळू होते, मधेच शिंपल्यांचा थर, मधेच खोल कोंड. मुडदुशी मासे वाळूवर, काळुंदर मासे खडकाच्या आणि खुंटांच्या आडोशाला, तिसऱ्या म्हणजे खायचे शिंपले वाळू-चिखलाच्या सांध्यावर. चोडणच्या माणसाला हे शाळेत शिकवावं लागत नाही. पण ते कागदावर कुठेच दिसत नाही, आणि कागदावर जे दिसत नाही ते सरकारदरबारी नसतंच, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

आता मूळ गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात काही विद्यार्थी नदीच्या तळाचा नकाशा करायला आले. चार मुलं, दोन मुली आणि चष्म्याला दोरी बांधलेले एक सर. माझ्या पुतण्याची फायबरची बोट त्यांनी आठवडाभर भाड्याने घेतली. भरती-सुकतीची पट्टी वाचायला कोणीतरी हवं होतं. पुतण्याने माझं नाव सुचवलं, कारण निवृत्तीनंतर मी घरात फार बोलतो.

काम असं. धक्क्याच्या खांबाला सेंटिमीटरचे आकडे लिहिलेली लाकडी पट्टी उभी बांधली होती. दर दहा मिनिटांनी पाणी कुठल्या आकड्याला टेकलं ते वहीत लिहायचं. सकाळी सात ते दुपारी दोन. आपल्याकडे मोठ्या भरतीला पाणी दोन मीटरच्या वर चढतं-उतरतं. बोट सकाळी एका जागी चार मीटर खोली मोजते आणि दुपारी त्याच जागी अडीच. तळ काही दीड मीटर वर आलेला नसतो. म्हणून माझ्या वहीतला आकडा त्यांच्या आकड्यातून वजा करायचा. गमतीचं वाटेल, पण तेहेतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या रेघेशिवाय कोणाचं अडलंय असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या आठवड्यात वाटलं. एकदा लघवीला गेलो आणि एक नोंद चुकली, तर सरांनी तेवढा पट्टा दुसऱ्या दिवशी पुन्हा मारला.

पट्टा मारणं म्हणजे नांगरणीच. बोटीच्या बाजूला हातभर लांबीचं, टॉर्पेडोसारखं यंत्र दोरीने पाण्यात सोडतात आणि नदीवर सरळ तास घालत जातात. एक तास रायबंदरच्या बाजूने, परत वळून दुसरा त्याला लागून. यंत्र दोन्ही अंगांना आवाज सोडतं. आपल्याला ऐकू येत नाही. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेतल्याच्या चौपटीहून जास्त. तो तळावर आपटून परत येतो. खडक आणि शिंपले तो जोरात परत फेकतात, मऊ चिखल पिऊन टाकतो. त्या फरकावरून लॅपटॉपच्या पडद्यावर तळाचं चित्र ओळीओळीने उतरत जातं, सुनेच्या पोटातल्या बाळाची सोनोग्राफी पाहिली होती तसं. फेरीबोट आली की तिच्या पंख्याच्या आवाजाने चित्रात पांढरे फराटे उठतात. पुतण्या मग फेरीवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा.

मी विचारलं, एवढा खटाटोप कशाला? उपग्रहावरून तर हल्ली अंगणातली तुळससुद्धा दिसते. मुलीने उत्तर दिलं नाही. पांढरी पत्र्याची तबकडी दोरीने पाण्यात सोडली आणि म्हणाली, दिसेनाशी झाली की सांगा. दीड हातावर गेली आणि गेलीच. सेक्की नावाच्या इटालियन माणसाने १८६५ साली काढलेली ही युक्ती अजून चालते. मांडवीचं पाणी गढूळ, तिथे उपग्रहाचा डोळा काय करणार. नदीत खाली पाहायचं तर कानानेच पाहायला लागतं.

आणि कानावरही सगळा भरवसा ठेवता येत नाही. पडद्यावर राखाडी ठिपके दिसले तर ती खडी आहे की शिंपले की कोणी टाकलेला बांधकामाचा कचरा, हे आवाज सांगत नाही. त्यासाठी तळाचा घास काढून आणतात. लोखंडी जबड्याचं यंत्र, दोन पाळ्यांचं, उघडं सोडायचं. तळाला टेकलं की मिटतं आणि चिखलाचा घास घेऊन वर येतं. तो घास अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीत पाण्याने धुतात. चिखल निघून जातो, उरतं ते जिवंत. पहिला घास धुतला तेव्हा मी मुद्दाम बोटीत होतो. पांढऱ्या थाळीत आधी नुसता काळा चुरा दिसला. मुलगी म्हणाली, थांबा. मिनिटभराने चुरा हलायला लागला. सुतासारखे लाल किडे, कडेला केसांसारखे पाय असलेले. वाळूचे कण एकमेकांना चिकटवून केलेली नळकांडी, काडीएवढी, त्यांच्या तोंडातून काहीतरी बाहेर डोकावून परत आत. तांदळाएवढे शिंपले. तिने मोजायला सुरुवात केली आणि मी मोजदाद ऐकतच राहिलो. घास होता घमेल्याच्या तळाएवढ्या जागेचा. मी त्यावर दहा मिनिटांत निळा रंग मारायचो.

तिसऱ्या दिवशी आमच्या वाड्यावरची एक आजी बोटीत येऊन बसली. वय सत्तरीच्या पुढे, जन्म तिसऱ्या काढण्यात गेलेला. सुकतीला कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं, पायांच्या बोटांनी तळ चाचपायचा, शिंपला लागला की वाकून हाताने काढायचा, मागे दोरीने बांधलेली टोपली तरंगत ठेवायची. तिच्या तिसऱ्यांचा वाटा बाजारात कधी परत आला नाही. माझ्या बायकोच्या हातची एकशिपी तिच्याच तिसऱ्यांची, हे बायको स्वतः कबूल करते.

पडद्यावर एका जागी तो ठिपक्यांचा राखाडी पट्टा आला. सर म्हणाले, खडी असावी. आजीने पुतण्याच्या हातातून बांबू घेतला, पाण्यात उभा घातला, दोनदा टेकवला, कान बांबूला लावल्यासारखं केलं आणि म्हणाली, तिसऱ्या. वरती मेलेली कवचं, जिवंत त्याच्या पलीकडे, काठाच्या अंगाला. सरांनी विनयाने विचारलं, कशावरून? तर म्हणाली, "तुका दिसना, म्हज्या पांयांक कळटा." चिखलात बांबू चोखल्यासारखा आत जातो, वाळूत करकरतो, शिंपल्यांत कटकटतो. एवढंच तिचं शास्त्र. जुन्या काळी गलबतावरचे खलाशी शिशाचं वजन दोरीने सोडत, त्याच्या बुडाच्या खळग्यात चरबी भरलेली असे. चरबीला जे चिकटून वर येई ते पाहून तक्त्यावर बारीक अक्षर लिहीत. वाळूला एस, चिखलाला एम, खडकाला आर. ती अक्षरं आजही दर्यावर्दी नकाशांवर खोलीच्या आकड्यांशेजारी असतात. आजी बांबूने तेच करत होती, फक्त तिने लिहून ठेवलं नाही.

मग घास सोडला. वर आला तो रिकामा. पाणी गळतंय, आत चमचाभर वाळू. नीट पाहिलं तर दोन पाळ्यांच्या मध्ये एक तिसरी आडवी अडकलेली. जबडा तिच्यामुळे पूर्ण मिटलाच नाही आणि वर येता येता सगळं धुऊन गेलं. दुसरा सोडला, पुन्हा तेच. तिसरा, पुन्हा कवच. नियम असा की जबडा नीट मिटला नाही तर तो नमुना धरायचा नाही. मुलीने वहीत त्या जागेपुढे रेघ मारली. नमुना नाही.

संपादकमहाशय, ती रेघ माझ्या डोक्यातून गेलेली नाही. जिथे शिंपले इतके दाट की यंत्राचं तोंड मिटेना, तिथे कागदावर काय आलं? एक रेघ. नंतरच्या कुठल्यातरी टेबलावर ती रेघ शून्य होणार, हे मी कचेरीत शेकडो वेळा पाहिलं आहे. त्या सरांनी मात्र शहाणपणा केला. दुपारची सुकती होईपर्यंत थांबले, आजीला उतरू दिलं, तिने ओंजळभर तिसऱ्या आणून थाळीत ओतल्या, आणि त्यांनी त्या जागेपुढे लिहिलं, हाताने गोळा केलेला नमुना, स्थानिक व्यक्तीच्या माहितीवरून. सगळे असं लिहीत नाहीत.

लिहीत नाहीत म्हणूनच हे पत्र. गेल्या वर्षी आमच्या भागात एका छोट्या धक्क्याचा प्रस्ताव आला. कोणाचा ते लिहीत नाही, प्रकरण मिटलेलं नाही. त्याचा पर्यावरण अहवाल मी पंचायतीत बसून वाचला. तीनशेच्या वर पानं. हवेचं माप, आवाजाचं माप, कामगारांच्या हेल्मेटचा रंगसुद्धा. नदीच्या तळाबद्दल पाऊण पान. दोन नमुने घेतलेले. त्यात लिहिलेलं, तळ गाळाचा, उल्लेखनीय जीवसृष्टी आढळली नाही. नमुन्याची तारीख बघितली. ऑगस्ट.

ऑगस्टमध्ये मांडवीच्या तळाला जाऊन जीवसृष्टी शोधणं म्हणजे चतुर्थीच्या दिवशी पणजीच्या कचेरीत कारकून शोधणं. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली, आणि तिथल्या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकातच मांडवी, झुआरी आणि त्या दोघींना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्याच्या तळातल्या जिवांचा महिनोन्महिने अभ्यास केला होता. त्यातून दिसलं ते आमच्या आजीलाही मान्य आहे. पाऊस लागला की डोंगराकडून गोड्या पाण्याचा लोट येतो, खारटपणा कोसळतो, तळातले किडे आणि शिंपले मोठ्या संख्येने मरतात किंवा नाहीसे होतात. पाऊस ओसरून समुद्राचं खारं पाणी आत शिरलं की पुन्हा भरायला लागतात. मेमध्ये नदी म्हणजे समुद्राचं लांबवलेलं बोट, ऑगस्टमध्ये ती नुसता ओढा. तळ एकच, वस्ती वेगळी. तळाची मातीसुद्धा जागची हलते. पावसात आग्वादच्या मुखाशी वाळूचा बांध वर येतो, म्हणून तर खनिजाच्या दिवसांत मांडवीतल्या बार्जी तेवढे महिने कुंभारजुव्याच्या कालव्याने मुरगावला जायच्या. बार्जवाल्यांना हे कळत होतं. अहवालवाल्यांना कळलं नाही, की कळून ऑगस्ट निवडला, हे मी ग्रामसभेत विचारलं. उत्तर मिळालं, "आमच्याकडच्या नकाशात तिथे काही दाखवलेलं नाही."

बरोबर आहे. कसं असणार? रंग मीच फासलेला.

कायद्यात याला जागा नाही असंही नाही. किनारी नियमन क्षेत्राची २०११ ची अधिसूचना मी पेन्सिल घेऊन वाचली. किनाऱ्याच्या व्यवस्थापन आराखड्यात मासेमारीची क्षेत्रं आणि माशांच्या विणीच्या जागा स्पष्ट दाखवाव्यात असं त्यात आहे. खारफुटीबरोबर जिवंत चिखलपट्टे आणि समुद्रगवत यांना सर्वांत कडक गटात घातलंय. खाजनं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं, जपा हे तर गोव्यासाठी वेगळं लिहिलंय. आपल्या नद्यांत हालोफिला बेकारी नावाचं बोटभर गवत सापडतं, ते जगभरात धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. पण गवत पाण्याखाली कुठे आहे हे दाखवलंच नाही तर कडक गटात घालणार कशाला? २०२१ साली आराखड्याच्या जनसुनावणीला मी गेलो होतो. लोक बांध दाखवलेले नाहीत, मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणवाटेची, दारं दाखवलेली नाहीत, वाळूचे ढीग दाखवलेले नाहीत म्हणून संतापले होते. अगदी योग्य. पाण्याखालचं कोणी फारसं बोललं नाही. मीही नाही. तेव्हा मला तरी कुठे ठाऊक होतं. २०२२ साली तो आराखडा मंजूर झाला. आता २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे नवा करायचा आहे. म्हणजे निळा रंग पुन्हा एकदा भिजवला जाणार.

नदीची मोजणी होतच नाही असं मात्र कोणी म्हणू नये. २०१६ च्या कायद्याने मांडवी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ६८ झाली, झुआरी १११, आमचा कुंभारजुव्याचा कालवा २७. ज्या कालव्यात मगरी आहेत, ज्याच्या आसपासच्या गावांत पौषातल्या अमावस्येला चिखलाची मगर थापून तिची पूजा करतात, तोसुद्धा जलमार्ग. नंबर मिळाला की खोली मोजली जाते, कारण जहाजाच्या बुडाखाली पाणी किती हे बघावं लागतं. बोट तीच, आवाजही जवळजवळ तोच. खोलीचा आकडा घेऊन यायचं आणि तळ काय आहे ते तिथेच टाकून यायचं, हा खर्चाचा प्रश्न नाही, कोणी विचारलं नाही एवढाच प्रश्न आहे.

झुआरीकडच्या लोकांनी विचारलं होतं. चिखलीच्या आखातात खिडक्यांचे शिंपले आहेत. आमच्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेच्या जागी बसवायचे ते, चपटे, अभ्रकासारखे. वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. समोरच्या नावशीला मरीनाचा, म्हणजे हौशी बोटींच्या धक्क्याचा, बेत आला तेव्हा तिथले मच्छीमार रस्त्यावर उतरले आणि त्यांच्या बोलण्यात हे शिंपले वारंवार आले. शिंपला कुठे आहे हे दाखवता येतं तेव्हा वाद निदान वाद म्हणून घालता येतो. आमच्याकडे धक्कावाल्यांशी वाद घालायला माझ्याजवळ एक मे महिन्यातली वही आणि एक आजी होती.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर आमच्या वाड्यावरचेच लोक मला धरतील. पुतण्याचं म्हणणं असं की नकाशा करूच नये. पहिली भीती सक्शन पंपाची. वाळूचा पट्टा कुठे, किती जाड, हे छापून आलं की रात्रीच्या होड्यांना आयती चिठ्ठी मिळाली. दुसरी भीती पाटीची. माझी सासुरवाडी मालवणची. तिथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटर, आणि तिथल्या मच्छीमारांचा त्याला विरोध पुढे कित्येक वर्षं धुमसत राहिला. मेव्हणा म्हणतो, आधी माणूस येतो तो वही घेऊन, मग येतो तो पाटी घेऊन, प्रवेश बंद. या दोन्ही भीती मला खोट्या वाटत नाहीत. आजीने त्या शिंपल्यांच्या जागेचं नाव सांगितलं, तिच्या सासूने ठेवलेलं. फार गोड नाव आहे. या पत्रात मी ते लिहिलेलं नाही, आणि ती जागा रायबंदरच्या अंगाला की ब्रिटोनाच्या, तेही मोघमच ठेवलंय, ते यासाठीच.

पण पुतण्याला मी जे विचारलं तेच आपल्या वाचकांना विचारतो. वाळू काढणाऱ्याला तुझ्या नकाशाची गरज कधी पडली? त्याला पट्टा ठाऊक आहे, रोज रात्री तो तिथे असतो. ठाऊक नाही ते फक्त परवाना देणाऱ्या टेबलाला. छापायच्या नकाशात पट्टे ढोबळ दाखवता येतात, इथपासून इथपर्यंत शिंपल्यांचा तळ, इथे चिखल, इथे गवत. नेमकी जागा पंचायतीकडे बंद ठेवता येते. २००२ च्या जैवविविधता कायद्याने पंचायतीच्या समितीकडे लोकांची नोंदवही असायची आहे. आमच्या पंचायतीतली मी उघडून पाहिली. आंबे आहेत, फणस आहेत, औषधी पाला आहे, साप आहेत. नदीसाठी एक पान आहे आणि त्यावर माशांची नावं आहेत. बाजारात जाऊन लिहिलेली असावीत, कारण त्यात इसवण आहे, म्हणजे समुद्रातली सुरमई. चोडणच्या धक्क्याला इसवण.

माझं मागणं मोठं नाही. रायबंदर, चोडण, दिवाडी, पोंबुर्पा एवढ्या पट्ट्यातला तळ मोजा, आणि तो वर्षातून दोनदा मोजा, एकदा मेमध्ये, एकदा पाऊस ओसरल्यावर. ऑगस्टचा एकटा नमुना कोणत्याही अहवालात चालवून घेऊ नका. यंत्राचं तोंड मिटलं नाही तर रेघ मारू नका, का मिटलं नाही ते लिहा. बोटीत तिसऱ्या काढणाऱ्या बायका घ्या, आणि चहा पाजून परत पाठवू नका, त्यांना दिवसाची मजुरी द्या. पट्टी वाचणाऱ्यालाही दिली होती. ती मुलं दिलदार होती, मी नको म्हटलं तरी पाकीट खिशात कोंबून गेली. आणि नवा आराखडा कुठल्याही कचेरीत रंगत असेल तर तिथल्या आरेखकाला माझा निरोप द्या, की निळ्या डबीला हात लावण्याआधी एकदा फोन कर.

त्या मुलांच्या नकाशाची एक प्रत सरांनी मला टपालाने पाठवली. जेवणाच्या टेबलावर काचेखाली ठेवली आहे. चिखल तपकिरी, वाळू पिवळी, शिंपले जांभळे, गवताचे दोन हिरवे ठिपके. निळा कुठेच नाही. संध्याकाळी आजी येते, चष्मा लावून बघते आणि बोट ठेवून चुका काढते. आतापर्यंत सात निघाल्या आहेत, त्या मी पेन्सिलीने नोंदवून ठेवल्या आहेत. त्यातल्या दोन सरांनी मान्य केल्या, एका बाबतीत दोघांचं जुळत नाही. ती जागा पुन्हा बघायला ते डिसेंबरात येणार आहेत.

पुरवणीतला तो लेख ज्यांनी लिहिला त्यांनीही त्या वेळी यावं. रायबंदरहून फेरीने या, मी धक्क्यावर उभा असेन. कॅमेरा आणा, पण चप्पल घरी ठेवा, पाण्यात उतरावं लागेल आणि शिंपले कापतात. वेळ ठरवताना भरती-सुकतीचं मुरगावचं कोष्टक बघून निघू नका. चोडणला पाणी त्यापेक्षा थोडं उशिरा उतरतं. किती उशिरा ते माझ्या वहीत आहे.

आपला,
एक निवृत्त आरेखक, चोडण
(नाव व पत्ता आपल्या कार्यालयाला कळवला आहे, कृपया छापू नये.)